फियाटचं हेड, उसाची उचल आणि शोलावरम

(पिंपळी इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)

सुरुवातीलाच एक वस्तू तुमच्याकडं देतो. पहिल्या रांगेतून मागं फिरवा, हातात घेऊन बघा. हा पिस्टन आहे, प्रीमियर पद्मिनीचा. वरच्या बाजूला, कडेला, करंगळी जाईल एवढं भोक दिसेल. ते ड्रिलनं पाडलेलं नाही. भोकाच्या कडा बघा, मेणबत्ती वितळून ओघळावी तशा आहेत. हे भोक शोलावरमला, मद्रासजवळ, तिसऱ्या फेरीत पडलं. ते का पडलं हे आज सांगायचंय. ते नीट सांगायचं तर गाडी ट्यून करणं म्हणजे काय, हे सगळंच सांगावं लागेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मोटारींची शर्यत म्हटलं की तुम्हाला फॉर्म्युला वन दिसतं, कोट्यवधींचा खेळ. मी ज्याबद्दल बोलतोय तो वेगळा प्रकार. त्याला क्लब रेसिंग म्हणतात. आपल्याकडं राज्य नाट्य स्पर्धा असते बघा, हौशी मंडळी नोकऱ्या सांभाळून तालमी करतात, स्वतःच पडदे रंगवतात, टेम्पोत सामान टाकून केंद्रावर जातात. तसंच हे. रोज वापरायची गाडी, तिच्या इंजिनावर घरी काम करायचं, तीच चालवत शर्यतीला जायचं, आणि जमलं तर तीच चालवत परत यायचं. इंग्लंडात ७५० मोटर क्लब १९३९ साली निघाला तो अशाच लोकांसाठी. जुनी ऑस्टिन सेव्हन घ्यायची आणि तिच्यातून काय काढता येतं ते बघायचं. लोटस गाड्या काढणारा कॉलिन चॅपमन याच गल्लीतून पुढं गेला. आपल्याकडं मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. या सगळ्या क्लबांवरची फेडरेशन १९७१ साली झाली. म्हणजे हे खूळ आपल्याकडं काही काल आलेलं नाही.

आणि आपल्या भागाचा तर यात वेगळाच हक्क आहे. इथून तासाभराच्या आत वालचंदनगर. कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला, गाव वसवलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच वालचंदशेठनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याला कारखाना. पन्नाशीच्या दशकात तिथं इटलीच्या फियाटच्या गाड्या बनायला लागल्या, पुढं ११०० डी आली, तिचंच नाव सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. शेठ स्वतः १९५३ साली गेले, त्यांनी पद्मिनी पाहिली नाही. पण आमचे उस्ताद म्हणायचे, ‘गाडी आपल्याच गावकीची हाय.’ आम्हीही तेच सांगत फिरायचो.

उस्ताद म्हणजे बारामतीत ज्यांच्या गॅरेजात मी शिकलो ते. नाव घेत नाही, ते असते तर त्यांनाही आवडलं नसतं. शाळा चौथीपर्यंत. पण इंजिन चालू असताना लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून कुठल्या टॅपेटला किती फट आहे ते सांगायचे, आणि मग मी फिलर गेजनं मोजायचो ते फक्त त्यांचं खरं निघतंय का बघायला. बहुतेक वेळा खरं निघायचं.

आता इंजिनाकडं येऊ. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर. एका सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा वरखाली प्रवास ७५ मिलिमीटर. ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर. आज तुमच्या दारातल्या लहानात लहान गाडीलाही याहून जास्त असते. त्यातून जास्त ताकद काढायची म्हणजे काय करायचं? गुऱ्हाळाची चुलवण डोळ्यासमोर आणा. जास्त आच पाहिजे तर काय करता? जळण वाढवता. पण नुसतं जळण कोंबलं तर धूर होतो. हवा वाढवावी लागते. इंजिनात जळणापेक्षा हवेचा प्रश्न मोठा. पेट्रोल कितीही ओतता येतं, हवा आत शिरायला मात्र वेळ लागतो, जागा लागते. ट्यूनिंगचं निम्मं काम म्हणजे हवेची वाट मोकळी करणं.

म्हणून आम्ही पहिलं काम करायचो ते हेडचं. हेड उतरवायचं, आणि व्हॉल्व्हकडं जाणाऱ्या ज्या वाटा असतात, पोर्ट, त्या आतून घासायच्या. कारखान्यात ओतकाम होतं तेव्हा आत खरबरीत राहतं, कुठं पायरी राहते, गॅस्केटचं भोक आणि पोर्टचं तोंड जुळत नाही. हवा त्या पायरीवर आपटते, भोवरा होतो. पाटाच्या पाण्याचं बघा, वळणावर दगड असला की पाणी तुंबतं, मागची सगळी धार मंदावते. तर ते सगळं गुळगुळीत करायचं, पायऱ्या काढायच्या, व्हॉल्व्हच्या सीटपाशी वळण मऊ करायचं. चार-चार रात्री घासायचो. मोठं करायचं नाही बरं का, हे उस्तादांनी पहिल्यांदा सांगितलेलं. नवशिका माणूस भोक मोठं करत जातो. मोठं केलं की हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी मरते. ‘वाट रुंद न्हाय, सरळ कर,’ असं म्हणायचे.

दुसरं काम कॉम्प्रेशन वाढवण्याचं. पिस्टनचा सगळा किस्सा इथंच आहे, त्यामुळं जरा आकडे सहन करा. एका सिलिंडरमध्ये २७२ सीसी हवा येते. पिस्टन वर आला की ती हेडमधल्या एका खळग्यात दाबली जाते. समजा तो खळगा ४० सीसीचा आहे. म्हणजे ३१२ सीसीचं ४० सीसी झालं, ७.८ पट दाब. आता हेडचा तळ लेथवर किंवा ग्राइंडरवर १ मिलिमीटर तासला, तर खळग्यातले साडेतीन-एक सीसी कमी होतात. तेच प्रमाण साडेआठच्या जवळ जातं. दीड मिलिमीटर तासला तर ८.८. जितकं जास्त दाबाल तितकं तेच पेट्रोल जास्त काम देतं. फुकटची ताकद वाटते. आणि खर्च काय, तर हेड फेसिंगची मजुरी.

फुकट काही नसतं. मिश्रण जास्त दाबलं की जास्त तापतं. ठिणगी एका टोकाला पडते आणि आग तिथून पसरत जाते, म्हणजे पसरायला पाहिजे. ऊस गेल्यावर आपण पाचट पेटवायचो, आता पेटवू नका म्हणतात ते बरोबरच आहे, पण बघितलंय सगळ्यांनी. एका बांधाला काडी लावली की आग चालत दुसऱ्या बांधापर्यंत जाते. आता कल्पना करा, आग अजून मध्यावर आहे, आणि इतकी धग झाली की पलीकडचा कोपरा काडी न लावताच भडकला. सगळा एकदम. शेतात हे फार होत नाही, इंजिनात होतं. त्याला नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो नुसता आवाज नसतो, पिस्टनवर हातोडा असतो, सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा. ॲल्युमिनियमचा पिस्टन किती वेळ टिकणार?

हे होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये गुण पाहिजे, त्याला ऑक्टेन म्हणतात. त्या काळात आपल्याकडं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं आणि महागातलं ९३ चं. आमच्या बाजूच्या पंपांवर ८७ च. शिसंही होतं त्यात; शिशाचं पेट्रोल देशातून २००० साली गेलं. दुसरा इलाज म्हणजे ठिणगी उशिरा टाकणं. इथं थोडं थांबतो, कारण हेच महत्त्वाचं.

पिस्टन अगदी वर आला की ठिणगी पडत असेल असं वाटतं ना? तसं नसतं. आग पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर यायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. पिस्टन वर पोचायला तीस अंश राहिले असताना ठिणगी टाकली, तर हातात वेळ किती? सेकंदाचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाहून कमी. डिस्ट्रिब्युटर ढिला करून हातानं दोन केस इकडं फिरवला की ठिणगी लवकर, तिकडं फिरवला की उशिरा. लवकर टाकली तर ताकद वाढते, एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेच्या पलीकडं खडे वाजायला लागतात. त्या दोन केसांत सगळी शर्यत असते. आमच्याकडं त्यासाठी कुठलं यंत्र नव्हतं. उस्तादांचा कान आणि प्लगचा रंग.

प्लगचं पण सांगतो. इंजिन पूर्ण ताणून चालवायचं, तिथंच किल्ली बंद करायची, क्लच दाबायचा, गाडी घरंगळत थांबवायची आणि प्लग काढून बघायचा. चिनीमाती काळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरी फटक असेल तर कमी, गव्हाळ असेल तर बरोबर. मग कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधलं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. उस्ताद ते प्लग बघायचे तेव्हा मला गुळव्या आठवायचा. काहिलीतला पाक बोटानं बघून तो सांगतो ना, आता उतरवा. का, ते त्याला सांगता येत नाही.

बरं. आता शोलावरम.

मद्रासच्या उत्तरेला, दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, वापरातून गेलेली. तिच्यावर पेंढ्यांच्या गाठी आणि ड्रम मांडून ट्रॅक करायचे. इरुंगट्टुकोट्टईचा कायमचा ट्रॅक १९९० साली झाला, तोवर दक्षिणेतल्या मोटारवाल्यांची पंढरी म्हणजे शोलावरम. गर्दी म्हणाल तर आपल्या बैलगाड्यांच्या शर्यतीएवढी, घाट सोडला तर सगळं तसंच. धूळ, ऊन, उसाच्या रसाची गाडी.

ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं. मी पंचविशीत. माझ्याकडं दहा वर्षं जुनी पद्मिनी होती, आणि वडिलांकडं, आप्पांकडं, नीरा डाव्या कालव्याखालचा चार एकर ऊस. त्या साली कारखान्याची पहिली उचल आली आणि त्यातले साडेचार हजार मी मागितले. आप्पांनी विचारलं, ‘कशाला?’ म्हटलं, इंजिनाला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पैसे काढून दिले आणि बांधावर निघून गेले. त्यांचं रागावणं असंच असायचं.

त्या पैशांतून कॅमशाफ्ट घासून आणली, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे. बोल्ट नवेच पाहिजेत असा उस्तादांचा हट्ट. त्याचं कारण साधं आहे. पद्मिनीचं इंजिन ४८०० ला आपली पूर्ण ताकद देतं. तेच ६००० ला फिरवलं तर फिरणं सव्वापट झालं, पण बोल्टवरचा ताण सव्वापट होत नाही, तो वर्गानं वाढतो, दीडपटीच्याही वर जातो. जुना बोल्ट ताणलेला असतो, डोळ्याला दिसत नाही. तो तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हेडच्या बाबतीत उस्ताद म्हणाले, एक मिलिमीटर तास. मी लेथवाल्याला सांगितलं, दीड. का, तर हावरटपणा. हेड इतकं खाली आलं की रॉकरचा कोन बिघडतो, म्हणून रॉकरच्या स्टँडखाली पत्रे घालावे लागतात. ते पत्रे बघून उस्तादांच्या लक्षात आलं. काही बोलले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, ‘टायमिंगनं सांभाळू.’

पहाटे चारला इंदापूर रस्त्यावर गाडी पळवून बघायचो. आज त्याची लाज वाटते. त्या वेळी उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असायच्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. एकदा एका गाडीच्या वाढ्यांना आमचा आरसा लागला. बैल बुजले, गाडीवान शिव्या देत राहिला, आम्ही थांबलोसुद्धा नाही. ट्रॅकवर गाडी पळवायला माणसं एवढा खटाटोप का करतात, मद्रासपर्यंत का जातात, याचं उत्तर त्या गाडीवानाकडं होतं.

तर मागची सीट काढली, तिथं टूलबॉक्स, जॅक, दोन जादा टायर, एक हेड गॅस्केटचा संच आणि भाकरी. सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर. अकराशे किलोमीटरच्या वर. गाडी आमच्याकडं सुरेख चालत होती, खड्यांचा आवाज नाही. मी खूश. इथं माझं गणित चुकलं. आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. शोलावरम जवळजवळ समुद्राच्या पातळीला. तिथली हवा पाचेक टक्के दाट. म्हणजे प्रत्येक श्वासाला इंजिनात जास्त हवा, दाब जास्त, आणि पेट्रोल त्याच जेटमधून येत असल्यानं मिश्रण थोडं कोरडं. शिवाय आमच्याकडं पहाटे शेकोटी, आणि तिथं सकाळी नऊला पाठीला घाम. जे इंजिन इथं काठावर होतं ते तिथं काठाच्या पलीकडं गेलं. त्यात मी ९३ महाग म्हणून अर्धं ९३ आणि अर्धं ८७ भरलेलं.

सराव झाला. उस्तादांनी प्लग काढले. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या चिनीमातीवर बारीक चांदीसारखे ठिपके होते, तिखटाएवढे. मला कौतुक वाटलं, काय चमकतंय. उस्तादांचा चेहरा उतरला. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. पिस्टन झिजून प्लगवर उडत होता. त्यांनी जेट एक नंबर मोठा टाकला, आणि मला म्हणाले, ‘टायमिंग तीन डिग्री मागं घे. मी चहा सांगून येतो.’

मंडळी, मी डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि पुन्हा आवळला. फिरवला नाही. सरावात आमच्या पुढच्या गाडीपेक्षा आम्ही दीड सेकंदानं मागं होतो आणि तीन डिग्री मागं घेतल्या तर अजून मागं जाऊ, एवढंच डोक्यात होतं. ते चहा घेऊन आले. विचारलं, ‘घेतलं?’ म्हटलं, घेतलं.

तिसऱ्या फेरीत लांब सरळ पट्टीवर, चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाचा सूर एकदम बसला. आरशात निळा धूर. बाकी काही नाही, स्फोट नाही, सिनेमासारखं काही नाही. गाडी कडेला घेतली.

हेड उतरवलं तेव्हा हे भोक. उस्ताद किती तरी वेळ पिस्टन हातात धरून बसले. मग म्हणाले, ‘जेट अजून मोठा टाकाया पाहिजे होता. माझी चूक झाली, पोरा. तुझ्या बापाचं पैसं गेलं.’ आणि मी गप्प बसलो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते पुढं वीस वर्षं जगले. त्या वीस वर्षांत कुणाच्याही गाडीचा जेट निवडताना ते गरजेपेक्षा एक नंबर मोठा टाकायचे, गिऱ्हाइकं म्हणायची गाडी पेट्रोल जास्त खाते, आणि मला माहीत होतं का. त्यांचा मुलगा आज इथं तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला मी सकाळी घरी जाऊन सांगितलं, म्हणून आता तुमच्यासमोर सांगतोय.

(काही क्षण थांबून) तर पुढचं. परत कसं यायचं? मद्रासमध्ये पुदुपेट्टै म्हणून भाग आहे, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. सोमवारी सकाळी उस्ताद तिथं गेले. तमिळ येत नाही, हातात फुटका पिस्टन. तासाभरात तसाच दुसरा, वापरलेला, रिंगांसकट घेऊन आले. सिलिंडरला ओरखडे होते, ते एमरी पेपरनं हातानं घासले. आणि कॉम्प्रेशन उतरवायला काय केलं माहितीये? हेड गॅस्केट एकाऐवजी दोन टाकली, एकावर एक. तासलेलं दीड मिलिमीटर निम्म्याहून जास्त परत. शेजारी कोइमतूरची मंडळी होती, आदल्या दिवशी आमच्याशी भांडत होती एका वळणावरून. त्यांनी टॉर्क रेंच दिला आणि रात्रभर कंदील धरला. टायमिंग उस्तादांनी स्वतः लावलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो, डिस्ट्रिब्युटर किती फिरतो ते. त्यांना तो जागेवरून जास्त फिरवावा लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

तीन दिवसांनी घरी पोचलो. अंगणात गाडी लावली, इंजिन चालूच होतं. आप्पा गोठ्यातून बाहेर आले. त्यांनी उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती. पण विहिरीवर आमचं ऑइल इंजिन होतं, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या ठोक्यावरून ते सांगायचे, पाणी तुटलंय, ऊठ. ते बोनेटपाशी आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘चारातला एक ठोका येगळा लागतोय. आतलं काय बदललंस?’ पैशांचं विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते इंजिन आम्ही तिघांनी मिळून बांधलं, उस्ताद, आप्पा आणि मी.

आता बाकीचं थोडक्यात. इंजिन सगळ्यांना आवडतं, पण लहान गाडीत खरा वेळ मिळतो तो वळणावर आणि ब्रेकमध्ये. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. गाडी आणि माणूस मिळून हजार किलो धरा. ताशी १२० वरून ६० वर आणायची, तर त्या दोन-चार सेकंदांत जी उष्णता होते त्यात सव्वा लिटर चहाचं पाणी उकळेल. प्रत्येक वळणाला सव्वा लिटर. ती उष्णता ड्रमच्या आत कोंडते, लायनर तापतात, पकड सुटते, पाय दाबलेला आणि गाडी थांबत नाही. ड्रमच्या पाठीला भोकं पाडून हवा घालायचो. खरा उपाय एकच, लवकर आणि कमी ब्रेक मारायला शिकणं. त्याला दोन वर्षं लागली.

आणि मग मारुती आली. ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये मिळायला लागली. तीनच सिलिंडर, ७९६ सीसी, ताकद पद्मिनीएवढीच, चाळिसाच्या आतबाहेर. आम्ही हसलो होतो. पण वजन बघा, पद्मिनी नऊशे किलोला पाच कमी, मारुती साधारण साडेसहाशे. म्हणजे टनामागं आमच्याकडं ४५ हॉर्सपॉवर आणि त्यांच्याकडं साठाच्या वर. पुढं हलकी असल्यानं तेच टायर जास्त टिकतात, तेच ब्रेक जास्त पुरतात. आम्ही चार रात्री पोर्ट घासून जे दोन-तीन हॉर्सपॉवर काढायचो ते सगळं वजनात वाहून गेलं. पुढं कोइमतूरच्या करिवर्धन यांनी त्याच मारुतीच्या इंजिनावर एकआसनी गाडी बांधली, फॉर्म्युला मारुती. त्यातून शिकून पोरं परदेशात गेली. नारायण कार्तिकेयन त्यातलाच. माझ्या मते आपल्या देशातल्या मोटार शर्यतीला एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्याच गाडीचा झाला नाही. वाईट वाटतं, पण पद्मिनीचाही नाही.

पिस्टन कुठवर आलाय? शेवटच्या रांगेत. ठीक. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, आता लॅपटॉप लावून गाडी रीमॅप करतात. त्यात हे नॉकिंग होतं का?

होतं. फक्त आता इंजिनावर नॉक सेन्सर असतो, म्हणजे उस्तादांचा कानच, आणि तो वाजला की संगणक स्वतः टायमिंग मागं घेतो, कुणाला न विचारता. माझ्यासारख्याला खोटं बोलायची सोय नाही. पण रीमॅप करणारा त्या सेन्सरची मर्यादाच सैल करून देत असेल तर मग तेच. त्याला विचारा, टायमिंग किती पुढं घेतलं आणि कुठल्या पेट्रोलवर तपासलं. सांगता आलं नाही तर गाडी देऊ नका. आणि सायलेन्सर कापणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे, ताकद वाढत नाही, बहुतेक वेळा कमीच होते.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या कॉलेजची टीम बाहा स्पर्धेला गाडी बनवते. मुलीला या क्षेत्रात सुरुवात करायची तर कुठून करावी?

ताई, तुम्ही बाहाची गाडी बनवताय म्हणजे सुरुवात झालीच आहे. एक करा. एखाद्या शर्यतीला मार्शल म्हणून जा, झेंडा धरायला. क्लबांना माणसं कायम कमी पडतात. वळणावर दिवसभर उभं राहिलं की कोण कुठं ब्रेक मारतो, कुठली गाडी का सुटते, हे जेवढं कळतं तेवढं चालवून कळत नाही. आणि तपासणीच्या टेबलापाशी उभं राहा. रोल केजचा वेल्ड, सीटचा पट्टा कुठं बांधलाय, बॅटरी कशी आवळलीये, ते लोक काय काय नाकारतात ते वहीत लिहून घ्या.

प्रश्न : तुमची पद्मिनी आता कुठे आहे?

विकली, १९९१ ला, टॅक्सीसाठी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा मी पेपरात फोटो निरखून बघितला, उगीचच. माझी कधीच भंगारात गेली असणार. तिचं ते दीड मिलिमीटर तासलेलं हेड मात्र घरी आहे. विकताना दुसरं टाकलं होतं, टॅक्सीवाल्याला ते ८७ वर चालवता आलं नसतं.

प्रश्न : कधी जिंकलात का?

एकदा तिसरा आलो. आमच्या वर्गात सहा गाड्या होत्या, त्यातल्या दोन बंद पडल्या आणि एकाला चुकीच्या टायरसाठी काढलं.